प्राथमिकच्या मुलांसाठी वाचनाचं ॲप निवडताना मी काय काय तपासते

प्रश्न असा आहे की शाळेत थोडे टॅबलेट आलेत, पहिली ते चौथीच्या मुलांसाठी वाचनाचं ॲप घ्यायचंय, शोधायला गेलं की ढिगाने सापडतात, सगळ्यांना चार-साडेचार स्टार, मग निवडायचं कशावरून आणि घेतल्यावर त्याचा खरंच उपयोग होतोय हे कळणार कसं. मी बरीच वर्षं लहान मुलांना वाचायला शिकवतेय आणि शाळांना अशी ॲप निवडायला मदत करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते स्टार आणि डाउनलोडचे आकडे बाजूला ठेवा. ते मोठ्या माणसांनी दिलेले असतात आणि बहुतेक वेळा मूल शांत बसलं, टॅब सोडायला तयार नव्हतं एवढ्यावर दिलेले असतात. मूल रमतं ही चांगलीच गोष्ट आहे पण रमणं वेगळं आणि वाचणं वेगळं. मी दोनच प्रश्न धरून बसते. मूल ॲपवर असताना त्याचे डोळे अक्षरांवर किती वेळ असतात? आणि ॲप बंद केल्यावर तेच मूल कागदावरचं काय वाचू शकतं? रंग, आवाज, लेव्हल, रिपोर्ट, सगळं यानंतर.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर काढायला फार काही लागत नाही. एका मुलाला शेजारी बसवा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, दहा मिनिटं त्याला ॲप वापरू द्या आणि मूल खरोखर मजकूर वाचत असेल तेवढाच वेळ घड्याळ चालू ठेवा. अवतार निवडणं, नाणी गोळा करणं, पेटी उघडणं, फुगे फोडणं, पुढची लेव्हल उघडतानाची नाचगाणी, या सगळ्यात घड्याळ बंद. काही ॲपमध्ये निम्म्याहून जास्त वेळ वाचनात जातो, काहींमध्ये दोन मिनिटंसुद्धा भरत नाहीत, आणि दिसायला दुसरं ॲप जास्त छान असू शकतं. ही एकच चाचणी केलीत तरी यादी निम्मी होईल.

मग मजकूर झाकून बघा. गोष्ट संपल्यावर जे प्रश्न येतात ना, ते गोष्ट न वाचता सोडवायचा प्रयत्न करा, म्हणजे मजकुरावर कागदाची पट्टी धरा आणि नुसती चित्रं बघून उत्तरं द्या. 'ससा कुठे लपला?' आणि चित्रात ससा झुडपामागे दिसतोच आहे, तर हा प्रश्न वाचन तपासतच नाही. चारपैकी तीन उत्तरं अशी बरोबर आली तर त्या ॲपचा 'आकलन ९० टक्के' हा रिपोर्ट विसरून जा. गोष्टी वाचून दाखवणाऱ्या ॲपमध्ये आवाज बंद करूनही बघा, कारण खूप मुलं शब्द ऐकून मागोमाग म्हणतात आणि आपल्याला वाटतं वाचतायत. अक्षर आणि त्याचा आवाज जोडायच्या खेळांना अर्थातच ही चाचणी लावू नका, तिथे आवाज हवाच.

आणि मुद्दाम चुका करा, हे बहुतेक जण करतच नाहीत, सगळे बरोबर उत्तरं देत डेमो बघतात. तुम्ही 'मळा' च्या जागी 'माळ' निवडा आणि ॲप काय करतं ते बघा. नुसता टँ असा आवाज करून पुढे गेलं? बरोबर उत्तर दाखवून सोडून दिलं? की काना कुठल्या अक्षराला लागलाय तिकडे लक्ष वेधलं, शब्द सावकाश फोडून म्हटला आणि थोड्या वेळाने तशीच जोडी पुन्हा समोर आणली? शिकणं घडतं ते इथेच, चूक झाल्यानंतरच्या त्या दहा सेकंदांत. मग एकदा डोळे मिटल्यासारखं कुठेही टॅप करत जा. असं अंदाजपंचे टॅप करून लेव्हल वर सरकत असेल तर मुलांना ते दोन दिवसांत कळतं, आणि मग रिपोर्टमध्ये तिसरीतलं मूल पाचव्या लेव्हलला आणि प्रत्यक्षात ते जोडाक्षराला अडखळतंय असं होतं.

आता ॲप नेमकं कुठल्या मुलासाठी घेताय हे ठरवा, कारण 'वाचनाचं ॲप' असं एकच काही नसतं. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये फार साधी मांडणी केली होती, वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार, म्हणजे एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही चांगली असली तरी हाती शून्यच. आता मूल कुठे अडकलंय हे कसं ओळखायचं? एक परिच्छेद त्याला वाचायला द्या आणि प्रश्न विचारा. मग तेवढ्याच अवघडपणाचा दुसरा परिच्छेद तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून सगळं सांगतंय पण वाचून सांगता येत नाही, तर अडचण अक्षरांची आहे. ऐकूनही सांगता येत नसेल तर शब्द आणि भाषा कमी पडतेय, आणि त्या मुलाला अक्षरांचे खेळ देऊन काही होणार नाही, त्याच्याशी बोलायला हवं, त्याला गोष्टी वाचून दाखवायला हव्यात. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली वाचनाचे पाच भाग सांगितले होते, शब्दातले आवाज ओळखणं, आवाज आणि अक्षर जोडणं, ओघाने वाचणं, शब्दसंपत्ती आणि आकलन. मी आजवर पाहिलेली चांगली ॲपसुद्धा यातलं एखाद-दुसरंच नीट करतात. जे 'सगळं एकाच ठिकाणी' म्हणतं त्याची मी जास्त कसून तपासणी करते.

मराठीत वाचायचं असेल तर एक वेगळीच अडचण येते आणि ती स्टोअरच्या पानावर कुठेच दिसत नाही. पुष्कळ ॲपचा सांगाडा इंग्रजीसाठी बनवलेला असतो आणि मग त्यावर मराठी चढवलेली असते. इंग्रजीत सव्वीस अक्षरं, सव्वीस कार्डं, झालं. आपल्याकडे क चं कार्ड ओळखलं म्हणजे कि, कू, कै, क्या, क्त, र्क ओळखता आले असं नाही, मुलं अडकतात ती नेमकी काना-मात्रा-वेलांटीत आणि जोडाक्षरांत. त्यामुळे ॲप मूळाक्षरांवर थांबतंय की पुढे जातंय ते बघा. क्रमही बघा. अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं पाठ झाल्याशिवाय एकही शब्द समोर येत नसेल तर मूल तोपर्यंत कंटाळतं. ग म भ न घेतले, जोडीला काना दिला की मन, मान, नाग, भाग, नभ असे शब्द मूल लगेच वाचायला लागतं आणि आपण वाचतोय हे त्याला स्वतःला कळतं, त्याचा उत्साह कुठल्याही बॅजने येत नाही.

फॉन्ट तपासायला मी एक वाक्य जवळ ठेवते, 'दुसऱ्या विद्यार्थ्याने शक्ती लावून द्वार उघडले तेव्हा हृदयात धडधड झाली.' यातला ऱ्या नीट दिसतो का, रफार बरोबर अक्षरावर बसतो का, क्त आणि द्व मोडून पाय मोडलेली अक्षरं शेजारी शेजारी तर येत नाहीत ना, हृ ओळखू येतो का. ॲपमध्ये स्वतःचं वाक्य टाकता येत नसेल तर अशीच अक्षरं असलेली गोष्ट शोधून काढा. ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे तेही बघा, काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात पण ॲपने भाषा मराठी अशी सांगितलेली नसली की हिंदी वळण दिसतं, आणि पाठ्यपुस्तकात एक ल आणि स्क्रीनवर दुसरा ल बघून पहिलीतलं मूल गोंधळतं. ओळींमधली जागा पुरेशी हवी, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडायला नकोत. चित्रावर छापलेला मजकूर असेल तर मी सरळ नको म्हणते.

यंत्राचा आवाज असेल तर कान देऊन ऐका. 'चाक' आणि 'चंद्र' मधला च वेगळा उच्चारतो का, 'जागा' आणि 'जीव' मधला ज वेगळा येतो का, 'झाडं' ला 'झाडम' तर म्हणत नाही. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलत नाहीत ते मूल हाच उच्चार खरा समजून शिकेल. माणसाच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या गोष्टी असतील तर त्यालाच पसंती द्या, लय, थांबे, प्रश्नाचा सूर हे मूल तिथून उचलतं. वाचताना शब्द रंगीत होत जातो त्या सोयीत रंग आणि आवाज एकत्र चालतात ना तेही बघा, अर्धा सेकंद मागेपुढे झालं तरी मूल वेगळ्याच शब्दाकडे बघत दुसराच शब्द ऐकतं.

मुलाचं वाचन ऐकून तपासणारी ॲप हा मला सगळ्यात आशेचा भाग वाटतो आणि सगळ्यात जास्त काळजी तिथेच घ्यावी लागते. गूगलचं बोलो २०१९ मध्ये भारतात आलं, पुढच्या वर्षी ते रीड अलाँग नावाने इतर देशांत गेलं, मूल मोठ्याने वाचतं आणि ॲप ऐकून अडलेला शब्द सांगतं अशी ती कल्पना. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं वाचन रोज ऐकणं कुठल्याच बाईंना जमत नाही, त्यामुळे हे मोलाचं आहे. पण लहान मुलांचा आवाज बारीक, मध्येच थांबतात, पुन्हा सुरुवात करतात, दात पडलेले असतात, घरची बोली वेगळी असते. म्हणून चाचणी वर्गातल्या सगळ्यात स्पष्ट बोलणाऱ्या मुलावर करू नका, हळू बोलणाऱ्या, बोबड्या बोलणाऱ्या, बोलीत बोलणाऱ्या मुलावर करा आणि तीही वर्गाच्या खऱ्या गोंगाटात. बरोबर वाचलेला शब्द तीनदा चूक ठरवला की नवशिकं मूल बोलायचंच बंद होतं. उलट बाजूही तपासा, स्वतः मुद्दाम 'घरात' ला 'घराला' वाचा, एक शब्द गाळा, शेवटचा प्रत्यय खाऊन टाका. आपल्या भाषेत अर्धा अर्थ प्रत्ययात असतो, आणि ॲपने तेही बरोबर म्हणून सोडलं तर मूल शब्दाचा पुढचा भाग बघून बाकीचा ठोकून द्यायला शिकेल. वेगाला गुण असतील तर आणखी सावध राहा. मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द मोजणं ही चांगली पद्धत आहे पण ते शिक्षकाने मोजायचं, मुलासमोर धावतं घड्याळ ठेवलं की मूल पूर्णविराम गिळून भरधाव सुटतं.

कागद की स्क्रीन हा वाद मी फार लांबवत नाही, अभ्यासांमधून बऱ्यापैकी स्पष्ट चित्र दिसतं. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात १,७०,००० हून जास्त वाचणारे होते, आणि माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो असं दिसलं, विशेषतः वेळेचं बंधन असेल तेव्हा, नुसत्या गोष्टींमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. अगदी लहान मुलांचा, १ ते ८ वर्षांचा, ३९ अभ्यासांचा आढावा २०२१ मध्ये आला, तो ॲप निवडताना जास्त कामाचा आहे. तेच पुस्तक जसंच्या तसं स्क्रीनवर ठेवलं तर कागद पुढे राहतो, पण स्क्रीनवर जी भर घातलीय ती गोष्टीचा अर्थ समजायला मदत करणारी असेल तर स्क्रीन पुढे जाते. म्हणजे 'ती हळूच दार ढकलते' या वाक्याला दार हळूच उघडताना दिसलं तर मदत होते, आणि कोपऱ्यातल्या बेडकाला टॅप केल्यावर तो उडी मारून गाणं म्हणतो, ज्याचा गोष्टीशी काही संबंध नाही, तर मूल गोष्ट विसरून बेडूकच टॅप करत बसतं. शब्दाला बोट लावलं की अर्थ सांगणाऱ्या सोयीने शब्द वाढतात पण त्या आढाव्यात गोष्ट समजण्याला तिचा फायदा दिसला नाही, म्हणून पहिल्या वाचनात ती बंद ठेवता येत असेल तर ठेवा.

बक्षिसांबद्दल माझं मत कडक आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता. ज्या मुलांना चित्र काढायला आधीच आवडत होतं त्यांना 'चित्र काढलंस तर बक्षीस' असं सांगून बक्षीस दिलं, आणि नंतर मोकळ्या वेळात ती मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. अचानक, न सांगता दिलेल्या बक्षिसाने तसं झालं नाही. वाचनाच्या ॲपमध्ये प्रत्येक पानाला नाणं असेल तर मूल नाण्यासाठी वाचतं, आणि ॲपबाहेरच्या पुस्तकात तर नाणी नसतात. थोडी शाबासकी ठीक आहे, काय जमलं ते नेमकं सांगणारी तर उत्तमच, पण सलग इतके दिवस आलास म्हणून ज्वाळा आणि आज आला नाहीस म्हणून रडणारं पिल्लू, हे मला सहा-सात वर्षांच्या मुलांच्या बाबतीत अजिबात पटत नाही.

गोष्टींचा दर्जा स्वतः मोठ्याने वाचून बघा, दुसरा उपाय नाही. अनुवाद सपाट असेल तर जीभच अडखळते. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेलं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ यासाठी बघण्यासारखं आहे, मराठीत भरपूर गोष्टी, वाचनाच्या पातळ्या लावलेल्या, खुल्या परवान्यात, आणि मला सर्वात महत्त्वाचं म्हणजे डाउनलोड करून छापता येतात, म्हणजे स्क्रीनवर वाचलेली गोष्ट मूल कागदावर घरी नेऊ शकतं. तिथे अनुवाद अनेक लोकांनी केलेले आहेत, म्हणून मुलांना देण्याआधी निवडून घ्या.

जाहिराती असतील तर ॲप नको, यावर चर्चाच नको. मायक्रोफोनची परवानगी मोठ्याने वाचायच्या ॲपला लागते, पण लोकेशन आणि काँटॅक्ट कशाला हवेत? मुलांचा आवाज रेकॉर्ड होऊन कुठे जातो, किती दिवस राहतो, पुसून मागता येतो का हे कंपनीला लेखी विचारा. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांसाठी याचा वेगळा कायदा १९९८ पासून आहे, भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे, त्यामुळे विचारायला संकोच करायचं कारण नाही. मुलांची पूर्ण नावं टाकू नका, हजेरी क्रमांक पुरतो. नेट गेल्यावर ॲप चालतं का हेही एकदा विमान मोड लावून बघून घ्या.

आता उपयोग होतोय हे कळणार कसं. ॲपचा स्वतःचा रिपोर्ट हा पुरावा धरू नका, त्यात मिनिटं आणि बॅज असतात. उपयोगी रिपोर्ट म्हणजे कुठली अक्षरं, कुठले शब्द चुकतात ते सांगणारा, आणि मुलाच्या वाचनाचं रेकॉर्डिंग ठेवणारा असेल तर फारच छान, दोन महिन्यांपूर्वीचं स्वतःचं वाचन ऐकून मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पण खरी तपासणी कागदावर करा. ॲप सुरू करायच्या आधी प्रत्येक मुलाला ॲपमध्ये नसलेला उतारा एक मिनिट वाचायला द्या, बरोबर वाचलेले शब्द मोजा, मग 'काय झालं गोष्टीत?' विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. सहा-आठ आठवड्यांनी तेवढ्याच अवघडपणाचा दुसरा उतारा. मुलं तशीही शिकत असतात, म्हणून जमलं तर सुरुवातीला अर्ध्याच मुलांना ॲप द्या आणि दोन्ही गट ताडून बघा, नंतर गट बदला. फरक नसेल तर ॲप बंद करा, पैसे भरलेत म्हणून ओढत राहू नका.

आणि शेजारी मोठं माणूस हवं, हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे हो म्हणून विसरतात. ग्राफोगेम नावाचा अक्षर-आवाज जोडायचा खेळ फिनलंडच्या युवस्क्युला विद्यापीठातल्या संशोधनातून आला, खूप देशांत, खूप भाषांत वापरला गेला. त्यावरच्या अभ्यासांचा २०२० मध्ये आढावा प्रसिद्ध झाला तर शब्दवाचनावर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला, पण जिथे मोठ्या माणसाचा सहभाग जास्त होता तिथे फायदा दिसला. संशोधनावर उभं असलेलं ॲपसुद्धा मुलाच्या हातात देऊन आपण वह्या तपासायला गेलो की तेवढं काम करत नाही. म्हणून सगळ्या वर्गाला एकदम टॅब देऊ नका. पाच-सहा मुलं ॲपवर, तुम्ही त्यांच्याच जवळ, बाकीची मुलं जोडीने पुस्तक वाचतायत, दहा-पंधरा मिनिटांनी बदल. टॅब कमी असतील तर दोन मुलांत एक द्या, एक वाचेल, दुसरा बोटाने ओळ धरेल आणि चूक सांगेल. ॲप संपलं की लगेच त्याच अक्षरांचे, त्याच शब्दांचे पाच मिनिटं कागदावर वाचन घ्या, हा भाग गाळला तर वर लिहिलेल्या सगळ्या तपासणीचा फार उपयोग नाही.

शेवटचा मुद्दा टॅब कुणाला आधी द्यायचे याचा. बहुतेक वर्गांत काम लवकर संपवणाऱ्या हुशार मुलांच्या हातात ते जातात. जे मूल खडाखडा वाचतंय त्याला ॲपची गरज नाही, त्याला वाचनालयातली भरपूर पुस्तकं द्या, जाडी द्या, त्याच्या आवडीच्या विषयाची द्या. टॅब त्या मुलांसाठी ठेवा जी चौथीत आली तरी जोडाक्षर आलं की थांबतात आणि चारचौघांत मोठ्याने वाचायला लाजतात, कारण एकाच शब्दावर वीसदा अडलं तरी ॲप कंटाळत नाही आणि वर्ग हसत नाही. त्यांची यादी आधी करा, ॲप त्यांच्या अडचणी बघून निवडा, आणि वर सांगितलेली दहा मिनिटांची स्टॉपवॉच चाचणीसुद्धा त्यांच्यातल्याच एखाद्या मुलाबरोबर घ्या.